विमानाच्या नाकाचा साचा

अण्णा, दुपारचा एक वाजून गेलाय आणि मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून तुम्हाला लिहिते आहे, कारण बसलं की नजर मागच्या बाल्कनीकडे जाते आणि नजर गेली की पाठोपाठ पाय जातात. उभ्यानं लिहिलं तर निदान एक हात तरी कागदात अडकून राहतो. बाल्कनीत कपड्यांच्या दोरीखाली जुन्या स्टुलावर एक साचा सुकतो आहे, आणि त्याला हात लावायचा नाही अशी मला सक्त ताकीद आहे. ताकीद देणारी माझी नात, वीस वर्षांची, तुम्ही पाहिलीच नाहीत ती. तुम्ही पाहिला तो तिचा बाप, तोही पाळण्यातला. आता त्या पाळण्यातल्याचे कानाजवळचे केस पांढरे झालेत, त्यावरून काय ते समजा. तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. तुम्ही होतात तेव्हा मला धड लिहिता येत नव्हतं आणि लिहिता यायला लागलं तेव्हा तुम्ही नव्हतात. चौथीतून शाळा सुटली ती सुटलीच. मग लग्न होऊन दिल्लीला आले, पहाडगंजला दोन खोल्यांत राहत होतो, तिथल्या मराठी शाळेत मुलगा जायला लागला आणि त्याच्या शुद्धलेखनाच्या वहीत त्याच्याबरोबर मीही ओळी गिरवल्या. त्याला दहापैकी सात मिळायचे, मला तो पाच द्यायचा. पण ते जाऊ दे. मी साच्याचं सांगत होते.

अण्णा, तुम्ही हे पाहायला हवं होतं. घरात, तिसऱ्या मजल्यावर, मयूर विहारमधल्या एवढ्याशा बाल्कनीत पोरगी विमान करते आहे! माणूस बसतो तसलं नव्हे, पण उडतं खरोखर. पंख पसरले की आपल्या गावच्या दिवाणाएवढं होतं, आणि जमिनीवर उभं राहून हातातल्या डबीवरच्या दांड्या हलवल्या की वर ते वळतं, गिरक्या घेतं. ह्या विमानाच्या इंजिनावर पुढे एक टोपण बसतं, मोठ्या पपईच्या अर्ध्या भागासारखं. तिच्या बोलण्यात त्याला भलतंच काही नाव आहे, मी नाकच म्हणते, आणि आता तीही नाकच म्हणायला लागली आहे. तर हे नाक करायचं फायबरचं. फायबर म्हणजे काच बरं का, काचेचं विणलेलं कापड, मलमलीसारखं, हाताला लागलं तर दोन दिवस खाज जात नाही. त्यावर रेझिन म्हणून मधासारखं दाट औषध फासायचं, ते वाळून लाकडाहून टणक होतं. पण त्याला आकार द्यायला आधी साचा हवा. आणि साच्याला आधी काय हवं ते तुम्हाला काय सांगायचं! नमुना. तुम्ही पॅटर्न म्हणायचात, ती प्लग म्हणते. तिनं तो फोमचा कोरला, वर रंगारी भरतात ती लांबी भरली, पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन आठ दिवस घासला. तुमच्याकडे फौंड्रीत नमुन्यावर वाळू ठोकायची, हिच्याकडे नमुन्यावर कापड आणि औषध. तुमच्याकडे साच्यात एकदा लोखंड ओतलं की तो मोडायचा, हिचा साचा राहतो, त्यातून हवी तेवढी नाकं काढा. हे तिनं मला समजावून सांगितलं तेव्हा मी जी हसायला लागले ती थांबेना. ती म्हणाली, "आजी, क्या हुआ यार, यात हसण्यासारखं काय आहे?"

आता तुम्ही विचाराल, तुला कोणी घेतलं ह्यात. मी आपली सुरुवातीला चहा द्यायला जात होते. एक दिवस चहा ठेवला आणि नमुन्याच्या कडेवरून सहज अंगठा फिरवला. खालची कड आत वळलेली होती. फार नाही, गव्हाच्या दाण्याएवढी, पण अंगठ्याला लागलीच. मी म्हटलं, "बाळा, हा निघायचा नाही. ह्याला ढाळ उलटा आहे." तिला ढाळ म्हणजे काय ते माहीत नाही. दिल्लीची मुलं, अर्धे शब्द वाटेतच गळालेत. मग मी वाटी घेऊन दाखवलं, खाली निमुळती असते म्हणून भातावर उपडी घालून उचलली तर मूद राहते आणि वाटी निघते, आणि तांब्यात भात दाबून पाहा, तो काही निघणार नाही. तिनं एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा कडेकडे, आणि पट्टी लावून पाहिल्यावर म्हणाली, "ओ तेरी! आजी, तुला कसं कळलं?" मी म्हटलं, माझे वडील फौंड्रीत मोल्डर होते. हे तिला ठाऊकच नव्हतं अण्णा. चूक तिची नाही, मीच कधी बोलले नाही. त्या दिवसापासून मला एक एप्रन मिळाला, निळे हातमोजे मिळाले, तोंडाला मास्क मिळाला, आणि मेण लावायचं काम मिळालं. नमुन्यावर मेणाचे आठ थर द्यायचे, प्रत्येक थर सुकला की मऊ कापडानं चकाकेपर्यंत पुसायचा. आठही मी दिले. शेवटी शेवटी त्यात माझा चेहरा दिसायला लागला होता, नाक फुगलेलं. सून म्हणाली, "आई, माझ्या ओट्यावर इतकी मेहनत कधी घेतली नाहीत." खरं आहे.

खालच्या मजल्यावरच्या बाई एकदा वर येऊन गेल्या, "आंटीजी, घर में पेंट की फैक्टरी खोल ली क्या?" वास येतो खरा, डोक्यात जातो. मी त्यांना बसवलं, थालीपीठ खायला घातलं, तुम्ही लग्नात दिलेल्या बिडाच्या तव्यावरचं. तव्याचं नाव काढलं की मला सांगावंसं वाटतं की हा माझ्या वडिलांनी स्वतः ओतलेला आहे, तसं त्यांनाही सांगितलं. बाई दोन खाऊन गेल्या आणि आता त्या वासाबद्दल बोलत नाहीत, थालीपिठाबद्दल विचारतात.

आत्ताच पुन्हा बाल्कनीच्या दारापर्यंत जाऊन आले. हात लावला नाही. ऊन स्टुलावरून सरकून भिंतीवर गेलंय. फेब्रुवारीचं ऊन इथे पाहुण्यासारखं येतं आणि लगेच उठतं. सून हॉलमध्ये लॅपटॉपवर ऑफिसचं काम करते आहे, ती तिथूनच ओरडली, "आई, ही पाचवी फेरी! आत कोण बाळंत होतंय?" मी म्हटलं, कपडे वाळले का बघत होते. ती म्हणाली, "आज कपडे धुतलेच नाहीत." बरं, नाहीत तर नाहीत.

सांगूनच टाकते. मी एक घोटाळा केला आहे. मेणाच्या आठ थरांवर नातीनं परवा संध्याकाळी एक हिरवट औषध ब्रशनं फासलं. ते वाळलं की दुधावर येते तशी पातळ साय धरते. ही साय साचा आणि नमुना एकमेकांना चिकटू देत नाही, तुम्ही वाळूच्या पेटीच्या दोन भागांत कोरडी भुकटी भुरभुरायचात ना, त्या जागी. मला तिनं फक्त एवढं सांगितलं होतं की आता याला हात लावायचा नाही. तर काल सकाळी मी उठले, नेहमीसारखं ओलं फडकं घेतलं आणि घर पुसत पुसत बाल्कनीत गेले. इथली धूळ तुम्हाला माहीत नाही अण्णा. सकाळी पुसलं की दुपारी बोटानं नाव लिहा. नमुन्याच्या भिंतीकडच्या बाजूला धूळ बसल्यासारखं दिसलं म्हणून मी ओलं फडकं फिरवलं, आणि तळहाताएवढ्या जागेवरची साय फडक्याबरोबर निघून आली. खाली मेण तसंच चकाकत होतं. मी म्हटलं, चला, मेण तर आहे. थोडं वरून आणखी लावलं आणि गप्प बसले. ती आली तेव्हा फोन कानाला होता, कॉलेजच्या गटातल्या पोरांशी हुज्जत चालू होती, तिच्या काही लक्षात आलं नाही. तिनं लेप लावला, आम्ही दोघींनी कापड चिकटवलं, मी ब्रशनं टोचून टोचून बुडबुडे काढले, आणि सगळं आवरताना ती मजेत म्हणाली, "उद्या बघ हं आजी, कडेनं पाणी सोडायचं, ती हिरवी साय पाण्यात विरघळते, आणि नाक टुणकन बाहेर!" पाण्यात विरघळते हे मला तेव्हा कळलं. हातातला ब्रश मी धुतच राहिले.

साचा चिकटून बसला तर काय होईल ते ऐका. तिच्या गटात पाच पोरं आणि ही एक. पुढच्या शनिवारी गुरुग्रामच्या पलीकडे एका मैदानावर सगळ्या कॉलेजांची विमानं उडायची आहेत. ह्यांचं बाकी सगळं तयार आहे, नाक तेवढं नाही. पोरं म्हणाली होती, विकतचं मागवू. ही म्हणाली, मी घरी साचा करते. तेव्हा पोरं हसली. "वो हँसे ना आजी, बस, तेव्हाच ठरलं," असं तिनं मला सांगितलं होतं. तीन आठवडे तिनं त्यात घातलेत. कॉलेजातून मेट्रोनं यायचं, दप्तर फेकायचं आणि बाल्कनीत. दुसरा नमुना करायला आता दिवस नाहीत. आज साचा निघाला तर पुढच्या शनिवारी तिनं केलेलं नाक हवेत जाईल, नाही निघाला तर विकतचं जाईल आणि ती पोरांच्या हसण्यात उभी राहील. आणि मी काल दिवसभर, काल रात्री जेवताना, आज सकाळी तिला डबा देताना, काही म्हणजे काही बोलले नाही. तोंड उघडलं की पोळी हवी का असंच बाहेर पडायचं. ती चारला येणार आहे.

तुमची फौंड्री आठवते आहे सकाळपासून. आई अंथरुणाला खिळली होती आणि मी अकरा वर्षांची, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर डबा, ऊसगाड्यांच्या रस्त्यानं चालत येते आहे. दारातून आत आलं की आधी काही दिसत नाही, काळोख आणि काळी वाळू. मग तुम्ही दिसता, उकिडवे बसलेले, पाठीवर सदऱ्याला घामाचा नकाशा. तुम्ही मूठभर वाळू घेता, दाबता, मूठ उघडता. वाळूवर तुमच्या बोटांचे ठसे उमटलेले. मग तो मुटका मधोमध मोडता. स्वच्छ मोडला तर वाळू बरोबर, ढासळला तर पाणी कमी, हाताला चिकटला तर जास्त. मला म्हणता, "घे, मोड." मी मोडते. "कशी आहे?" मी म्हणते, "थोडं पाणी पाहिजे." तुम्ही दुसऱ्या मोल्डरकडे पाहून म्हणता, "ऐकलंत? इन्स्पेक्टर आलेत." सगळे हसतात. डबा खाऊन झाला तरी तुम्ही मला घरी जा म्हणत नाही. नमुना काढायच्या वेळी तुम्ही त्यात एक सळई रोवता आणि हातोडीनं चारी बाजूंनी हलके हलके टोले देता, टुक टुक टुक, एकीकडे जास्त नाही, दुसरीकडे कमी नाही, वाळूत नमुना केसभर सैल होईपर्यंत. आणि मग श्वास धरून वर उचलता. अण्णा, तसा क्षण मी माझ्या लग्नात पाहिला नाही, मुलगा झाला तेव्हा पाहिला नाही. वाळूत ती नुसती पोकळी राहायची, पंपाच्या आकाराची, आणि तुम्ही तिच्यावर फुंकर घालायचात.

आणि ते बोट. तुम्ही पाणी प्यायला गेला होतात. उघड्या साच्याच्या काठावर माझ्या ओढणीचं, नाही, परकराचं, टोक लागलं आणि कडेची चिमूटभर वाळू आत पडली. मी फुंकून काढली, चिमूट ओली करून कडेला लावली, बोटानं सारखी केली. तुम्ही आलात, वरची पेटी ठेवलीत, ओतलंत. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आले तर तुम्ही पंपाचा तो भाग पुढे ठेवून बसला होतात. त्याच्या काठावर लोखंडात बोट उमटलं होतं. माझं, नखासकट. तुम्ही म्हणालात, "हे कुणाचं?" मी रडायला लागले. तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "पडलं त्याचं काही नाही गं. दहा वेळा पडतं. मला सांगितलं का नाहीस?" आणि संध्याकाळी घरी हात धुताना, टॉवेलनं बोटं एकेक करून पुसत म्हणालात, "उद्यापासून डबा आत्या आणेल." बस. एवढंच. मी परत कधी त्या दारातून आत गेले नाही. मी तेव्हा बारा पूर्ण करत होते. ते बोटामुळे होतं, की न सांगितल्यामुळे, की मुलगी मोठी झाली म्हणून कुणी काही म्हणालं होतं तुम्हाला? मी कधी विचारलं नाही आणि तुम्ही कधी बोलला नाहीत. वर्षं गेली की असे प्रश्न विरतात म्हणतात, माझा तर उलट घट्ट झालाय. म्हणून तर मी काल गप्प बसले. मला साच्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही की ती म्हणेल, आजी, उद्यापासून तू बाल्कनीत येऊ नकोस. इतक्या वर्षांनी एप्रन मिळालाय अण्णा. मला तो परत द्यायचा नाही.

बेल वाजली. चारला दहा कमी आहेत.

आता साडेसात झालेत आणि मी बसून लिहिते आहे, पाय दुखताहेत.

ती आली, बूट दारात उडवले, "चहा नंतर, आधी नाक!" म्हणत सरळ बाल्कनीत. मी मागे मागे. तिनं साच्याच्या कडेला हात फिरवला, खूष झाली, बादलीत कोमट पाणी आणलं आणि लाकडाच्या दोन पाचरी घेतल्या. पाचर ठेवून ती हातोडी उचलणार तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "मारू नकोस."

"का?"

"भिंतीकडच्या बाजूला ती साय नाहीये."

"नाहीये म्हणजे? मी लावली की."

"मी पुसली. ओल्या फडक्यानं. धूळ समजून."

ती उपड्या बादलीवर बसली. हातोडी मांडीवर. राग आला की ती हिंदीत जाते, बापासारखी. "कितना पोंछा?"

"तळहाताएवढं."

"कब?"

"काल सकाळी."

"मतलब लेअप, कपड़ा लगाने के पहले? और तू पूरा दिन मेरे साथ खड़ी थी?" मी मान हलवली. मग ती मराठीत, अगदी हळू म्हणाली, "आजी, काल सांगितलं असतंस तर पाच मिनिटांत पुन्हा लावली असती गं."

तिला तुमच्याबद्दल काही सांगितलेलं नाही मी, त्या बोटाबद्दल तर नाहीच. ते वाक्य तिनं कुठून आणलं कोण जाणे. मला तिथे उभं राहवेना आणि जाताही येईना. शेवटी मीच म्हटलं, "पाचर मारली तर त्या जागी साचाच फाटेल. आधी सैल करायला हवं." ती फोनवर काहीतरी शोधत बसली, आणि एकदम उठून म्हणाली, "थंड. फ्रीजर. दोन वस्तू वेगवेगळ्या आकसतात." आणि साचा छातीशी धरून स्वयंपाकघरात. तिथे काय झालं ते तुम्हाला कसं सांगू. फ्रीजरमध्ये ह्या हिवाळ्याचा मटार भरलेला, दिल्लीत तसंच असतं, थंडीत स्वस्त मटार आला की सोलून वर्षाचा भरून ठेवायचा. सगळा मी सोललेला, सहा पिशव्या. नात एकेक पिशवी बाहेर फेकते आहे आणि सून हॉलमधून धावत आली. "अगं माझा मटार! विमानासाठी मटार बाहेर?" नात म्हणाली, "मम्मा, प्लीज, आत्ता नाही." सून माझ्याकडे वळली, "आई, तुम्ही तरी सांगा हिला!" मी म्हटलं, "रात्री मटार-पनीर करू, उद्या मटारभात, परवा करंज्या. जाऊ दे साचा आत." सुनेनं हात जोडले आणि लॅपटॉपकडे परत गेली. तिथून बराच वेळ तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं.

एक तास आम्ही दोघी फ्रीजसमोर. ती जमिनीवर मांडी घालून, मी स्टुलावर. मी तिला विचारलं, काही खातेस का. नाही म्हणाली. मी मटाराच्या पिशव्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग तिनं साचा बाहेर काढला, कडेनं कोमट पाणी सोडलं, आणि पाचर उचलली. मी म्हटलं, "एकीकडे जोर नको. सगळीकडून, हलकं." तिनं हातोडी माझ्यापुढे धरली. रबराची हातोडी आहे तिची. "तू मार. मी धरते."

अण्णा, मी मारली. टुक टुक टुक, चहूबाजूंनी, एकीकडे जास्त नाही, एकीकडे कमी नाही. ठेका आपोआप लागला. कितीतरी वेळ काही नाही. मग कडेला पाणी गुडगुडलं आणि आतून ओला, जाड असा आवाज आला, जसा फणस उघडताना येतो. नमुना निघाला. पण पूर्ण नाही. तळहाताएवढा तुकडा साच्याला धरून राहिला, बरोबर तिथेच. फोम फाटला, लांबी फाटली, नमुना कामातून गेला. साचा मात्र अख्खा राहिला. ती लाकडी चमच्यानं तो तुकडा खरवडत बसली. पाऊण तास. शेवटी धुऊन उजेडात धरला. आतून काचेसारखा गुळगुळीत, आणि एका बाजूला तळहाताएवढं खडबडीत. त्या साच्यातून जितकी नाकं निघतील त्या सगळ्यांवर ते उमटणार. ती नखानं ते घासत म्हणाली, "घासून कमी होईल. पूर्ण नाही जाणार."

"उडेल ना पण?"

"उडेल. बिल्कुल उडेल." मग साचा खाली ठेवून, "त्या बाजूला कॉलेजचं नाव चिकटवू. मोठं." मला हसू आलं. ती हसली नाही.

मी एप्रन काढला, घडी घातली आणि तिच्या टेबलावर ठेवून स्वयंपाकघरात आले. पनीर चिरायला घेतलं. कान तिकडेच. पाण्याचा पेपर घासल्याचा आवाज यायला लागला, खर्र खर्र. मग तो थांबला. मग बाल्कनीतून हाक, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी, "आजी! चारशे नंबरचा पेपर कुठे ठेवलास? आणि ये ना इकडे, हे एकटीनं होणार आहे का माझ्याच्यानं!" सून म्हणाली, "जा, बोलावणं आलं." पनीर अर्धं चिरलेलं सोडून मी गेले. एप्रन तिनंच उचलून माझ्या हातात दिला, माझ्याकडे न पाहता. सोमवारी पहिलं नाक ओतायचं, म्हणजे फासायचं, आहे. मेण पुन्हा आठ थर. मीच देणार आहे.

तर हे असं झालं. मनाला आता स्वस्थता यायला हवी, पण येत नाही, म्हणून पुन्हा कागद घेतला. हे कुठे टाकायचं नाही, तुमचा पत्ता कुठला आणि पोस्टमन कुठला. बाजूच्या खोलीतून तिचं फोनवरचं बोलणं ऐकू येतंय, पोरांना सांगते आहे, "निकला, हाँ, पूरा निकला, एक साइड थोड़ा ख़राब है, वो मेरी आजी से धूल समझ के पुंछ गया." तिचा माझ्यावर विश्वास बसलाय. वर मी तुम्हालाही धूळच लिहिलं. धूळ नव्हती अण्णा. सायीला त्या बाजूला एक ओघळ आला होता, मेणबत्तीच्या मेणासारखा, लांब. तिला दिसला नव्हता, मला दिसला. हात लावू नको हे मी ऐकलं होतं, नीट ऐकलं होतं. मला वाटलं, ती यायच्या आत बोटभर सारखं करून टाकू, आणि साचा आरशासारखा निघाला की मनातल्या मनात म्हणू, हे माझं. फडकं मी त्यासाठीच भिजवलं होतं. हे तिला अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगेन असं शेवटी लिहिणार होते, पण तुम्हाला एकदा खोटं लिहून झालंय, तेवढं पुरे.